शाप कोणी कोणाला दिला?



मागच्या खेपेला व्याख्यान संपल्यावर दोघातिघांनी विचारलं, "मॅडम, पुढचा विषय काय?" मी म्हटलं, "जपानी भुतं." ते हसले. त्यांना वाटलं, बाई थट्टा करताहेत. पण थट्टा नव्हती. आज खरंच जपानी भुतांबद्दल बोलायचं आहे, आणि सुरुवात एका चित्रकथेपासून करायची आहे.

माझी नात अकरावीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत आली तेव्हा तिच्या हातात उलट्या बाजूने उघडणारं एक पुस्तक होतं. मांगा. जपानी चित्रकथा उजवीकडून डावीकडे वाचतात, हे मला तेव्हा कळलं. म्हणाली, "आजी, तू वाच ना, तुला आवडेल. लव्ह स्टोरी आहे." मी दोन पानं चाळली तर दात विचकणारं एक अक्राळविक्राळ भूत! म्हटलं, "ही लव्ह स्टोरी?" तर म्हणते, "अगं, ते भूतच तर हिरॉइन आहे!"

आता तुमच्यापैकी तरुण मंडळींना ही कथा ठाऊक असेल. 'जुजुत्सु काइसेन झिरो'. लेखकाचं टोपणनाव गेगे आकुतामी. २०१७ साली चार भागांत ही कथा एका जपानी मासिकात आली, मग २०१८ पासून तिच्या पुढची मोठी मालिका सुरू झाली, ती २०२४ पर्यंत चालली. २०२१ च्या डिसेंबरात या छोट्या कथेवर चित्रपट निघाला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. शेवटही सांगणार आहे, कारण आजचा सगळा मुद्दा शेवटातच आहे. ज्यांना आधी स्वतः वाचायचं असेल त्यांनी हे व्याख्यान इथेच थांबवावं, मला राग येणार नाही.

युता ओक्कोत्सु नावाचा सोळा वर्षांचा मुलगा. लहानपणी रिका नावाच्या मुलीशी त्याची गट्टी होती. मोठेपणी लग्न करायचं, असं दोघांनी ठरवलेलं. तिने त्याला एक अंगठीही दिलेली. आणि एक दिवस त्याच्या डोळ्यांसमोर गाडीखाली सापडून ती गेली. गेली, पण गेलीच नाही. भूत होऊन त्याच्यापाशी राहिली. कोणी युताला त्रास दिला की ती त्या माणसाचे हाल करायची. मुलगा इतका घाबरला, की आपल्यामुळे कोणाला इजा होऊ नये म्हणून जीवच द्यायला निघाला. मग त्याला एका शाळेत आणतात. भुतंखेतं, शापबाधा यांचा बंदोबस्त करणारे मांत्रिक तयार करणारी ही शाळा. तिथे त्याला उद्दिष्ट मिळतं: रिकाला या शापातून सोडवायचं.

आता शेवट. शेवटी रिका सुटते. आणि तेव्हा उलगडा होतो, की रिकाने युताला शाप दिलाच नव्हता. शाप दिला होता युताने. ती मरताना, तिने जाऊ नये असं त्या पोराने इतक्या जोराने मनात धरलं, की त्याच्या त्या धरण्यानेच ती अडकली. सहा वर्षं तो समजत होता, की ही मला सोडत नाही. आणि तोच तिला सोडत नव्हता.

मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ काही बोलले नाही. का, ते शेवटी सांगेन.

मंडळी, मी चौतीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. माझी पीएच.डी. न्यायदर्शनातल्या शब्दप्रमाणावर. त्यामुळे माझी सवय अशी, की आधी शब्द धरायचा. 'जुजुत्सु' यातला 'जु' हा शब्द घ्या. जपानीत त्याला एकच चित्राक्षर आहे. त्या अक्षराचं एक वाचन 'नोरोइ', म्हणजे शाप. त्याच अक्षराचं दुसरं वाचन 'माजिनाइ', म्हणजे तोडगा, मंत्र, बरं वाटावं म्हणून पुटपुटलेले शब्द. आपल्याकडे शाप आणि आशीर्वाद अशी दोन खाती आहेत. तिथे या अक्षरात दोन्ही एकाच खात्यावर आहेत.

आणि गंमत बघा, यात आपलाही धागा आहे. सातव्या शतकात ह्युएन त्संगाने बौद्ध ग्रंथ संस्कृतातून चिनीत नेले. प्रज्ञापारमिताहृदयसूत्रातल्या 'मंत्र' या शब्दासाठी त्याच्या चिनी पाठात हेच अक्षर आहे. ते सूत्र जपानच्या देवळादेवळांतून आजही म्हटलं जातं. म्हणजे ज्या अक्षराने तिथला माणूस शाप लिहितो, त्याच अक्षराने आपला मंत्र लिहिला गेला. या चित्रकथेत एक मुलगा आहे, त्याचा प्रत्येक शब्द खरा होतो. म्हणून तो साधं बोलतच नाही. ओनिगिरी म्हणजे भाताचे मुटके, त्यांच्यात भरायच्या सारणांची नावं तेवढी घेतो. पोरं वाचताना हसतात. मला मात्र आपल्या 'शुभ बोल रे नाऱ्या' ची आठवण झाली. शब्द जपून वापरावा, तो लागतो, ही भीती दोन्हीकडे आहे.

आता इतिहासाकडे येऊ. कथेत युताचे गुरू त्याला सांगतात, की तू सुगावारा नो मिचिझानेचा वंशज आहेस. वाचणारी मुलं हे नाव ओलांडून पुढे जातात. माझी नातही गेली. मी अडकले. कारण मिचिझाने हा काल्पनिक नाही, तो इतिहासातला माणूस आहे. आणि आमच्याच व्यवसायातला आहे. प्राध्यापक!

मिचिझानेचा जन्म ८४५ सालचा. हा हेइआन काळ, राजधानी आजचं क्योतो. घराणं विद्वानांचं. ८७७ साली तो राजधानीच्या विद्यापीठात चिनी साहित्याचा अध्यापक झाला. उत्तम कवी. आता दरबारात सत्ता होती फुजिवारा घराण्याची. त्यांच्या मुली राजघराण्यात द्यायच्या, नातू गादीवर बसवायचे, आणि कारभार आपण बघायचा, अशी त्यांची रीत. अशा ठिकाणी हा पंतोजी चढत चढत ८९९ साली 'उजवा मंत्री' झाला. 'डावा मंत्री' होता फुजिवारा नो तोकिहिरा. डावा हा उजव्यापेक्षा वरचा. नुसत्या विद्वत्तेवर माणूस इतका वर गेला की काय होतं, हे आपल्याला कॉलेजच्या स्टाफरूममध्येसुद्धा दिसतं. तिथे तर राज्य होतं.

९०१ साली आरोप झाला, की मिचिझाने सम्राट दाइगोला उतरवून आपल्या जावयाला, म्हणजे सम्राटाच्या भावाला, गादीवर बसवायचा कट करतो आहे. विद्वानाला दूर दक्षिणेला, क्यूशू बेटावरच्या दाझाइफूला धाडलं. कागदोपत्री ती नेमणूक, प्रत्यक्षात हद्दपारी. दोन वर्षांनी, ९०३ साली, तो तिथेच वारला.

इथून पुढे सनावळी नीट ऐका. ९०९ साली तोकिहिरा ऐन उमेदीत मेला. ९२३ साली युवराज मेला. ९२५ साली त्या युवराजाचा लहानगा मुलगा, जो नवा युवराज झाला होता, तोही मेला. ९३० साली खुद्द राजवाड्यातल्या सेइर्योदेन या महालावर वीज पडली आणि दरबारातली मोठी माणसं जागच्या जागी मेली. सम्राट दाइगो आजारी पडला आणि त्याच वर्षी तोही गेला. सगळी राजधानी एकच नाव घेऊ लागली: मिचिझाने.

आता मला सांगा, अशा वेळी आपण काय केलं असतं? मांत्रिक बोलावला असता, लिंबं कापली असती, भूत बाटलीत भरून गावाबाहेर पुरलं असतं. तिथे काय केलं? ९२३ साली, म्हणजे युवराज गेला त्याच वर्षी, दरबाराने मिचिझानेला त्याचं मंत्रिपद परत दिलं आणि हद्दपारीचा हुकूम नष्ट केला. माणूस मरून वीस वर्षं झालेली! ९४२ साली राजधानीतल्या आयाको नावाच्या एका सामान्य बाईने सांगितलं, की मिचिझाने माझ्यामार्फत बोलतो आहे, त्याला देऊळ हवं. ९४७ साली कितानो इथे देऊळ उभं राहिलं. ९९३ साली त्याला मरणोत्तर सर्वोच्च मंत्रिपद मिळालं. जिवंतपणी जे पद त्याच्या हाती कधीच आलं नसतं, ते मेल्यावर नव्वद वर्षांनी मिळालं. आणि आज? आज तो तेंजिन नावाचा विद्येचा देव आहे. परीक्षेच्या दिवसांत मुलं लाकडी पाटीवर इच्छा लिहून त्याच्या देवळात टांगतात. ज्याच्या नावाने राजवाडा कापत होता, त्याच्यापुढे आता मुलं पास होण्यासाठी हात जोडतात.

हे मिचिझानेपुरतंच घडलं, असं नाही. त्याच्या आधी शंभरएक वर्षं असंच झालं होतं. ७८५ साली नवी राजधानी बांधणाऱ्या मंत्र्याचा खून झाला. आळ आला युवराज सावारावर. तो सम्राट कानमूचा सख्खा भाऊ. त्याने अन्न सोडलं आणि आवाजी बेटाकडे नेतानाच वाटेत मेला. मग सम्राटाच्या राण्या गेल्या, आई गेली, साथी आल्या, नवा युवराज आजारी पडला. ७९४ साली राजधानीच हलवून क्योतोला आणली. त्याला इतरही कारणं इतिहासकार देतात, पण हे एक होतंच. आणि ८०० साली मेलेल्या सावाराला 'सम्राट' ही पदवी दिली. बघा, भावाला आधी हद्दपार केलं आणि पंधरा वर्षांनी सम्राट केलं!

८६३ साली साथ आली तेव्हा दरबाराने राजवाड्याजवळच्या शिन्सेनएन बागेत अशा सहा मृतात्म्यांसाठी सोहळा केला. सूत्रांचं वाचन, संगीत, नाच. आणि बागेचे दरवाजे उघडून सामान्य लोकांना आत घेतलं. त्या सहांत सावारा होताच. सहाही जण कोण? राजकारणात हरलेले, आळ येऊन मेलेले. म्हणजे सरकारनेच संपवलेल्या माणसांसाठी सरकारनेच, सगळ्या जनतेसमोर, शांती केली.

तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून मला यात एक रचना दिसते. सम्राट चुकत नाही, हे गृहीत. दरबाराचा निवाडा म्हणजे अखेरचा निवाडा, त्यावर अपील नाही. मग निवाडा चुकला असेल तर दुरुस्त कसा करायचा? जिवंत माणसाने 'तुम्ही चुकलात' म्हटलं तर त्याचीही हद्दपारी. पण मेलेल्या माणसाला हद्दपार करता येत नाही. भूत हीच त्या राज्यातली पुनर्विचार याचिका होती. साथ आली, वीज पडली, की खटला पुन्हा उघडायचा.

यात राजकारण नव्हतं असं समजू नका. तोकिहिरा गेल्यावर घराण्याची सूत्रं त्याचा धाकटा भाऊ तादाहिरा याच्याकडे आली. तादाहिराच्या मुलाने ९५९ साली कितानोचं देऊळ वाढवलं. मिचिझानेचा कोप तोकिहिराच्या शाखेवर आहे, आमच्यावर नाही, हे दाखवणं त्यांच्या सोयीचं होतं. भुताचाही राजकीय उपयोग होतो, आपल्याला हे नवीन नाही. पण म्हणून मूळ गोष्ट खोटी ठरत नाही. सोयीने का होईना, चूक कबूल झाली आणि हुकूम रद्द झाला.

आता तुम्ही म्हणाल, मग मांत्रिक काय करत होते? होते ना! आणि ते सरकारी नोकर होते. ७०१ सालच्या कायद्यानुसार दरबारात एक खातंच होतं, 'ओन्म्योर्यो'. ओन्म्यो म्हणजे यिन आणि यांग. या खात्यात सहा ओन्म्योजी, शिवाय पंचांगाचा एक अध्यापक, खगोलाचा एक, आणि जलघड्याळ बघणारे दोन. म्हणजे आपल्या भाषेत ज्योतिष, पंचांग, हवामान आणि घड्याळ असं सगळं मिळून एक ऑफिस. यातला सर्वांत गाजलेला माणूस म्हणजे आबे नो सेइमेइ, ९२१ ते १००५. आजच्या सिनेमात, कादंबरीत, मांगात जो सुंदर, गूढ, तरुण मांत्रिक दिसतो, त्याचा मूळपुरुष हाच. प्रत्यक्षात त्याची बरीचशी कामं अशी: कुठल्या दिवशी बाहेर पडू नये, कुठल्या दिशेला जाऊ नये, ग्रहण कधी, विधीला मुहूर्त कोणता. तेव्हाचा सत्ताधीश मिचिनागा याच्या रोजनिशीत सेइमेइचं नाव येतं. ऐंशीच्या घरातला नोकरशहा. पुढे बाराव्या शतकातल्या 'कोंजाकु' कथासंग्रहापासून लोकांनी त्याला राक्षस राबवणारा जादूगार केलं. आपल्याकडे नाही का, बिरबल दरबारी कामकाज बघायचा आणि गोष्टीत खिचडी शिजवतो!

तेव्हा राज्याची भुतं झाली. पण माझ्या नातीची लव्ह स्टोरी कुठे बसते? त्यासाठी दरबारातून घरात यावं लागेल, बायकांच्या दालनात.

अकराव्या शतकाच्या सुरुवातीला मुरासाकी शिकिबू या दरबारी स्त्रीने 'गेंजी मोनोगातारी' लिहिली. तिच्यात रोकुजो नावाची एक मानी, सुसंस्कृत स्त्री आहे. गेंजीची प्रेयसी, पण त्याचं तिच्याकडे दुर्लक्ष. कामो उत्सवाच्या मिरवणुकीत गेंजीच्या बायकोची, आओइची, माणसं रोकुजोची गाडी गर्दीत मागे ढकलतात. चारचौघांत अपमान. पुढे गरोदर आओइला बाधा होते. मांत्रिक आणि भिक्षू येतात, मंत्र चालतात. त्या काळची पद्धत अशी, की बाधा एका माध्यमाच्या अंगात उतरवायची आणि 'तू कोण' हे तिच्या तोंडून वदवून घ्यायचं. पण एक आत्मा हलतच नाही. आणि मग गेंजीला आओइच्या तोंडून रोकुजोचा आवाज ऐकू येतो. रोकुजो तर जिवंत आहे, आपल्या घरी बसलेली आहे! जपानीत याला 'इकिर्यो' म्हणतात, जिवंत माणसाचं भूत.

पुढचा प्रसंग जगाच्या साहित्यातल्या मोठ्या प्रसंगांपैकी आहे असं मला वाटतं. घरी बसलेल्या रोकुजोच्या लक्षात येतं, की आपल्या कपड्यांना मोहरीचा वास येतो आहे. ती मोहरी, जी आओइच्या दालनात बाधा घालवायला होमात टाकत होते. ती केस धुते, कपडे बदलते, वास जात नाही. काही भाषांतरांत इथे खसखस असते, कारण त्या जपानी शब्दाचे दोन्ही अर्थ होतात. पण होमातली मूळ वस्तू मोहरी. त्या विधीचं जपानी नाव 'गोमा'. ऐका, गोमा म्हणजे होम. आपलाच. कूकाइ नावाचा भिक्षू ८०६ साली चीनमधून परतला, त्याने तांत्रिक बौद्ध परंपरा जपानात रुजवली आणि तिच्याबरोबर होमही रुजला. आपण लेकराची दृष्ट काढताना मीठमोहरी ओवाळून विस्तवावर टाकतो. तिथे क्योतोच्या महालात तीच मोहरी तडतडत होती.

पण मला त्यातलं तत्त्व महत्त्वाचं वाटतं. रोकुजोने शाप दिला का? तिने तर मनाला आवर घातला होता. आपण असं काही करतो आहोत, हे तिला ठाऊकच नाही. तिला ते वासावरून कळतं. म्हणजे बाधा करणाऱ्यालाच शेवटी पत्ता लागतो, की बाधा आपली आहे.

आता युताकडे परत या. दिसतंय ना? मिचिझानेच्या गोष्टीत मेलेला माणूस जिवंतांना धरतो, कारण जिवंतांनी त्याच्यावर अन्याय केला. रोकुजोच्या गोष्टीत जिवंत बाई जिवंत बाईला धरते, नकळत. आकुतामीने या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या आणि कूस बदलली. इथे जिवंत मुलगा मेलेल्या मुलीला धरतो, नकळत, आणि अन्यायामुळे नाही तर प्रेमामुळे. वंशावळीत मिचिझानेचं नाव शोभेला घातलेलं नाही. वाचकाला आधी वाटतं, मिचिझानेसारखा कोप रिकाचा. शेवटी कळतं, की मिचिझानेचं रक्त ज्याच्या अंगात आहे, त्यानेच शाप दिला होता.

आणि तिन्ही ठिकाणी तोडगा एकच. हाकलणं नाही. आपला त्यातला वाटा ओळखणं. दरबाराने हुकूम नष्ट केला, युताने 'हे माझं आहे' म्हटलं. रोकुजोला मात्र ते कोणापुढे म्हणता आलं नाही, आणि कादंबरीत तिचा आत्मा मेल्यानंतरही भटकत राहतो.

कोणीतरी मला विचारेलच, म्हणून मीच विचारते. बाई, तुम्ही अंधश्रद्धेचं समर्थन करताय का? अजिबात नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि तो कायदा येण्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचलं आणि प्राणही गेला. मिचिझानेने वीज पाडली, असं मी मानत नाही. वीज ढगातून पडली. पण 'आपल्याला शिक्षा व्हायला हवी, कारण आपण चुकलो' हे त्या दरबाराच्या मनात होतं, आणि ते खरं होतं. कारण चुकीचं होतं, कबुली बरोबर होती.

आधुनिक जपानचंही एक उदाहरण देते. सम्राट सुतोकु ११५६ च्या लढाईत हरला, सानुकीला हद्दपार झाला आणि ११६४ साली तिथेच मेला. त्याचाही कोप होतो अशी समजूत. १८६८ साली नवं मेइजी सरकार आलं. रेल्वे, टपाल, आधुनिक सैन्य यांची स्वप्नं बघणारं. त्या सरकारने त्याच वर्षी सानुकीला दूत पाठवून सुतोकुचा आत्मा सन्मानाने क्योतोला आणला आणि त्याच्यासाठी शिरामिने नावाचं देऊळ केलं. सातशे वर्षांनी! आणि त्याच सरकारने १८७० साली ओन्म्योजींची मान्यता काढून घेतली. मांत्रिकांना घरी पाठवलं, पण ज्याचं देणं होतं त्याला आधी घरी आणलं. हा क्रम मला फार बोलका वाटतो.

आता, पुस्तक मिटून मी गप्प का बसले, ते सांगते. हे मी आजवर जाहीरपणे बोललेले नाही.

१९८० च्या आसपासची गोष्ट. मी एका कॉलेजात नवीन होते. आमच्या एका सहकाऱ्यावर आरोप झाला, की त्यांनी परीक्षेचे गुण बदलले. तिघांची चौकशी समिती नेमली, त्यात मी सर्वांत लहान. गुणांची मूळ वही कोणाच्या ताब्यात होती, हे विचारावं असं माझ्या मनात आलं होतं. विचारलं नाही. वरिष्ठ म्हणाले, "सगळं स्पष्टच आहे," आणि मी सही केली. शब्दप्रमाण शिकवणारी बाई! आप्त कोण, कोणाचं वचन कधी प्रमाण मानावं, यावर प्रबंध लिहीत होते, आणि ज्याच्या हातात माझी नोकरी होती त्याचं वचन मी आप्तवाक्य म्हणून घेतलं. त्या सरांनी राजीनामा दिला. काही वर्षांनी वह्यांची अदलाबदल ऑफिसातच झाली होती, असं निघालं. तोवर सर वारले होते. स्टाफरूममध्ये सगळे हळहळले. "बिचारे," म्हणाले. चहा आला. अहवाल मात्र फायलीत तसाच राहिला, माझ्या सहीसकट.

वीज पडली नाही, साथ आली नाही. आमच्या कॉलेजला भूत लागलं नाही, म्हणून फाइल उघडली गेली नाही.

मी घरात कधीकधी म्हणायचे, "ते सर माझी पाठ सोडत नाहीत." सोळा वर्षांच्या त्या युताने मला माझी जागा दाखवली. ते कशाला माझी पाठ धरतील? ते गेले. मीच त्यांना त्या फायलीत धरून ठेवलं होतं.

गेल्या महिन्यात मी त्या संस्थेला पत्र लिहिलं. अहवाल चुकीचा होता, मी त्यावर प्रश्न न विचारता सही केली होती, आणि मूळ कागदाला दुरुस्तीची नोंद जोडावी. पत्राची प्रत सरांच्या मुलीला पाठवली. संस्थेकडून अजून उत्तर नाही. मुलीचा फोन आला होता. फार बोलली नाही. म्हणाली, "आई अजून आहे. तिला वाचून दाखवते."

तर मंडळी, पुन्हा कधी भुताची गोष्ट वाचाल, पडद्यावर बघाल, किंवा तुमची नातवंडं तुमच्या हातात एखादं उलट्या बाजूचं पुस्तक देतील, तेव्हा भूत कसं दिसतं ते नंतर बघा. आधी बघा, ते कोणी बांधून ठेवलं आहे.

थांबते इथे. प्रश्न असतील तर विचारा. आणि हो, नातीने दुसरं पुस्तकही दिलं आहे, ते वाचून झालं की पुढचा विषय सांगेन. नमस्कार.